कंडोम घातला म्हणजे प्रोब स्वच्छ झाला का?

प्रश्न : माझं वय ३१. दिवस राहत नाहीत म्हणून आमच्या तालुक्याच्या गावी उपचार सुरू केले आहेत. मागच्या महिन्यात पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी सांगितली. पोटावरून असेल असं समजून मी भरपूर पाणी पिऊन गेले, तर तिथे म्हणाले, “लघवी करून या, आतून करायची आहे.” बाहेर बायकांची रांग होती. माझ्या आधीची बाई उठली तशी तिथल्या मावशींनी प्रोबवरचा, म्हणजे सोनोग्राफीसाठी आत घालतात त्या दांडीवरचा, कंडोम काढून टाकला, टिश्यूपेपरने प्रोब पुसला, दुसरा कंडोम चढवला, मोठ्या बाटलीतलं जेल लावलं आणि मला झोपायला सांगितलं. मी विचारलं, “हे धुतलंत का?” त्या म्हणाल्या, “नवा कंडोम घातलाय ना, मग कशाला काळजी?” डॉक्टर पुरुष होते, ते काहीच बोलले नाहीत. तपासणी दुखली, पण मी गप्प राहिले. आता बीज कसं वाढतंय ते पाहण्यासाठी फॉलिक्युलर स्टडी सांगितली आहे, म्हणजे एक-दोन दिवसांआड पुन्हा तेच. मला काही संसर्ग झाला असेल का? सासूबाई म्हणतात, सारखं मशीन आत घातलं की बीज खराब होतं. मिस्टर म्हणतात, तू फार विचार करतेस. जावं की नको?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही फार विचार करत नाही आहात. त्या खोलीत जो प्रश्न विचारायला हवा होता तोच तुम्ही विचारलात, आणि तुम्हाला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ही तपासणी माझ्या रोजच्या कामातली आहे, म्हणून हे ठामपणे सांगते.

जावं की नको, याचं उत्तर आधी देते. जा. अंडाशयात फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, किती वाढलं, गर्भाशयाचं अस्तर कसं आहे, बीज फुटलं की नाही, हे आतून जितकं नीट दिसतं तितकं पोटावरून दिसत नाही. प्रोब अवयवांच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे बारीक तपशील दाखवणाऱ्या जास्त वारंवारतेच्या लहरी वापरता येतात. भीतीपोटी ही तपासणी सोडलीत तर नुकसान तुमच्या उपचाराचं होईल. बदलायला हवी ती तपासणी करण्याची पद्धत.

आता त्या कंडोमबद्दल. प्रोबवरचं कव्हर आणि प्रोबचं निर्जंतुकीकरण ही दोन वेगवेगळी संरक्षणं आहेत. दोन्ही लागतात, आणि एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने वैद्यकीय साधनांची एक साधी वर्गवारी करून ठेवली आहे आणि जगभरची रुग्णालयं आजही ती वापरतात. अखंड त्वचेला लागणारी साधनं एका गटात, तोंड, योनी, गुदद्वार यांच्या आतल्या नाजूक अस्तराला लागणारी दुसऱ्या गटात, आणि रक्तात किंवा निर्जंतुक ऊतींत शिरणारी तिसऱ्या गटात. पोटावर फिरवायचा प्रोब पहिल्या गटातला. तुमच्यासाठी वापरला तो दुसऱ्या. या दुसऱ्या गटातल्या साधनाचं प्रत्येक रुग्णानंतर उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण व्हावं लागतं. म्हणजे जिवाणूंचे काही चिवट बीजाणू सोडले तर बाकी सगळे जंतू, विषाणू आणि बुरशी नष्ट व्हायला हवी. टिश्यूने पुसल्याने जेल निघतं. जंतू तिथेच राहतात.

“पण मध्ये कंडोम होता ना?” असं तुमच्या मिस्टरांनाही वाटेल. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये याचं उत्तर आकड्यांनिशी आहे. एका अभ्यासात बीज काढण्याच्या प्रक्रियेनंतर वापरलेली प्रोबची खास कव्हरं तपासली. दोन पुरवठादारांच्या कव्हरांपैकी ७५ आणि ८१ टक्के कव्हरांना छिद्रं पडलेली होती. कंडोम त्या मानाने बरे ठरले. इतर अभ्यासांत वापरानंतर छिद्र सापडलेल्या कंडोमचं प्रमाण ०.९ ते २ टक्के निघालं. म्हणजे कंडोम वापरला यात गैर काही नाही, उलट अनेक कव्हरांपेक्षा तो मजबूत असतो. पण शंभराला एक धरला तरी रोज वीस तपासण्या करणाऱ्या केंद्रात आठवड्याला एखादा कंडोम छिद्र पडलेला निघणार. अशी छिद्रं बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय कंडोम काढताना मावशींच्या हाताला जे लागतं ते प्रोबच्या मुठीला आणि वायरीलाही लागतं. मुठीवर कव्हर नसतं आणि ती पुसायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणूनच त्याच मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे, की कव्हर वापरलं असलं तरी प्रत्येक रुग्णानंतर प्रोबचं उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण करावं.

तुमची तपासणी पाळीच्या दुसऱ्या दिवशी झाली. त्या दिवशी अंडाशयाची आणि अस्तराची सुरुवातीची स्थिती पाहतात, त्यामुळे वेळ बरोबर होती आणि पाळीत ही तपासणी केल्याने काही बिघडत नाही. पण अशाच दिवशी आलेल्या बायका एकामागून एक तपासल्या जातात, प्रोबचा रक्ताशी संबंध येतो, आणि तरीही नुसतं पुसून पुढे जाणं मला अस्वस्थ करतं.

हे सगळं कागदावरचं आहे का? नाही. २०१२ साली ब्रिटनच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने रुग्णालयांना इशारा दिला होता. अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी करायचा प्रोब दोन रुग्णांच्या मध्ये नीट निर्जंतुक न केल्याचा संबंध एका रुग्णाच्या हिपॅटायटिस बीने झालेल्या मृत्यूशी असू शकतो, असं त्या इशाऱ्यात म्हटलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुदद्वारातून सोनोग्राफी करून प्रोस्टेटचा तुकडा घेतलेल्या चार पुरुषांना स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाला. सुई जिच्यातून जाते ती नळी आतून ब्रशने घासली जात नव्हती. स्कॉटलंडच्या आरोग्य यंत्रणेने २०१७ मध्ये जुन्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा आतून सोनोग्राफी झालेल्या रुग्णांमध्ये पुढच्या ३० दिवसांत जिवाणूसंसर्गाचे अहवाल आणि अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या इतरांपेक्षा जास्त दिसल्या. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, कारण ज्यांना आधीच त्रास असतो त्यांचीच सोनोग्राफी होते. तरी दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही.

मग तुम्हाला संसर्ग झाला असेल का? शक्यता कमी आहे. बहुधा काहीही झालेलं नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. कंडोम नवा होता, तो शाबूत असण्याची शक्यता खूप मोठी आहे, आणि एका तपासणीतला धोका एकंदरीतच लहान असतो. तुमच्या बाबतीत तपासण्या वारंवार होणार आहेत, म्हणून मला हा विषय आताच मार्गी लावायचा आहे.

तपासणीनंतर वास येणारा पांढरा किंवा पिवळट स्राव जात असेल, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी नव्याने दुखणं किंवा ताप असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफीची तारीख सांगा. काहीच त्रास नसेल तर मुद्दाम अँटिबायोटिक घेऊ नका. वंध्यत्वाच्या उपचारात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांच्या रक्ततपासण्या बहुतेक ठिकाणी आधीच केलेल्या असतात. तुमचा तो अहवाल सोनोग्राफीच्या आधीचा असेल तर मनाच्या शांतीसाठी त्या दिवसापासून तीन महिन्यांनी त्या पुन्हा करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती मात्र नक्की घ्या. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. हा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर सात दिवससुद्धा तग धरू शकतो, त्यामुळे सोनोग्राफीचा विषय बाजूला ठेवला तरी ही लस हवीच. आणि तिशी ओलांडली आहे, तर गर्भाशयमुखाची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

योग्य पद्धत कशी असते, हे माहीत असलं की तुम्हाला समोर काय चाललंय ते ओळखता येईल. मावशी किंवा सिस्टर हातमोजे घालून कव्हर उलटं करत काढतात. जेल पुसून टाकतात. मग प्रोब साबणाच्या किंवा एन्झाइमच्या द्रावणाने धुतात, मूठ आणि वायरही पुसतात, आणि कोरडा करतात. ही धुण्याची पायरी सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे, कारण जेलचा आणि स्रावाचा थर राहिला तर वरून टाकलेलं रसायन जंतूंपर्यंत पोचतच नाही. त्यानंतर निर्जंतुकीकरण. आपल्याकडे बहुतेक केंद्रांत त्याला ‘सायडेक्समध्ये ठेवणं’ म्हणतात, म्हणजे जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवणं. त्यात दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड असेल तर लेबलप्रमाणे २० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. ०.५५ टक्के ओपीए हे दुसरं रसायन असेल तर अमेरिकेतल्या लेबलवर १२ मिनिटं दिलेली आहेत. द्रावण किती दिवस चालतं तेही लेबलवर असतं, आणि त्याची ताकद टिकून आहे का हे पट्टी बुडवून पाहायचं असतं. शेवटी प्रोब स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायचा. ही पायरी चुकली तर उरलेलं रसायन पुढच्या बाईच्या आतल्या त्वचेला भाजतं. काही मोठ्या रुग्णालयांत आता प्रोब पेटीत बंद करून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने सात मिनिटांत काम होतं, काही ठिकाणी अतिनील किरणांची पेटी असते, काही ठिकाणी क्लोरीन डायऑक्साइडचे वाइप्स. मार्ग कोणताही असो, पूर्ण व्हायला हवा. स्पिरिटचा बोळा फिरवणं यात बसत नाही. त्याने जंतू पुरेसे मरत नाहीत आणि अनेक प्रोबच्या टोकाचं आवरण खराब होतं.

आता यात अडचण कुठे येते ते तुम्ही बाहेरची रांग पाहून ओळखलंच असेल. एका प्रोबला दर वेळी पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर सकाळच्या वेळात वीस बायका तपासून होत नाहीत. हा प्रश्न खरा आहे. प्रोबची किंमत लाखांच्या घरात असते, हेही मला माहीत आहे. पण त्यावर उपाय दुसरा प्रोब घेणं, वेळ वाटून देणं, पोटावरच्या आणि आतल्या तपासण्या आलटून-पालटून लावणं हा आहे. घाई केंद्राची आणि धोका बाईचा, ही वाटणी मला अजिबात मान्य नाही. हे सदर वाचणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही मी हेच सांगेन. ज्या मावशींच्या हातात तुम्ही प्रोब देता, त्यांना ही पद्धत कुणी शिकवली आहे का, हे आज विचारा. ताई, तुम्हाला उत्तर देणाऱ्या त्या मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच सांगितलेलं असणार.

जेलबद्दल तुम्ही फक्त उल्लेख केलात, पण तुमचं निरीक्षण नेमकं आहे. मोठ्या कॅनमधून बाटली भरायची, संपत आली की न धुता त्यातच पुन्हा ओतायचं, ही सवय सर्रास दिसते. जेलमध्ये जिवाणू वाढू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बुर्खोल्डेरिया जिवाणूने दूषित झालेलं सोनोग्राफीचं जेल बाजारातून परत मागवावं लागलं होतं. पोटावरच्या तपासणीला बाटली चालते. आतल्या तपासणीला कव्हरच्या बाहेरून लावायचं जेल एकदाच वापरायच्या निर्जंतुक पुडीतलं असलेलं चांगलं, आणि ती पुडी फार महाग नसते. पुढे कधी तुमच्यावर आययूआय, म्हणजे शुक्रजंतू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याची प्रक्रिया, करायची ठरली तर त्या काळातल्या तपासणीआधी जेलबद्दल डॉक्टरांना आठवण करा. काही जेलमुळे शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. फुगा फुगवताना ओठ सुजणं किंवा रबरी हातमोज्याने अंगावर गांधी उठणं, असं तुम्हाला कधी झालं असेल तर तेही आधी सांगा. कंडोम लेटेक्सचा असतो, आणि लेटेक्स नसलेली कव्हरं मिळतात.

सासूबाईंची शंका अगदी स्वाभाविक आहे. त्यांना सांगा, यात एक्स-रेसारखे किरण नसतात. हे माणसाला ऐकू न येणारे आवाजाचे तरंग असतात, आणि फॉलिक्युलर स्टडीने बीज खराब होतं असा पुरावा नाही. प्रोबचं टोक थोडं गरम होतं, म्हणून शरीराला टेकणारा भाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये अशी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. डॉक्टरांनी गरजेइतकाच वेळ आणि गरजेइतकीच ताकद वापरायची असते. पुढे दिवस राहिले, आणि ते राहावेत असं मला मनापासून वाटतं, की एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे ठोके ऐकवण्याच्या हौसेपायी डॉप्लर लावायची गरज नसते. एम-मोड या साध्या पद्धतीने ठोके पडद्यावर दिसतात आणि मोजताही येतात. आतून सोनोग्राफी केल्याने गर्भपात होत नाही, हेही सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा.

तुम्हाला न सांगता तपासणीचा प्रकार ठरवला गेला, हे मला प्रोबइतकंच खटकलं. ‘आतून करायची आहे’ ही सूचना झाली. परवानगी मागणं वेगळं. काय घालणार, का घालणार, नको असेल तर दुसरा मार्ग कोणता, हे सांगून तुमचा होकार घ्यायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे, की सज्ञान आणि शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने, तातडीचा प्रसंग नसताना, नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. त्या प्रकरणात संमती आईने दिली होती. त्यामुळे इथे सासूबाईंचा किंवा मिस्टरांचा होकार पुरत नाही, तुमचाच लागतो. होकार देऊन मध्येच “थांबा” म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. जिचा कधी शरीरसंबंध आलेला नाही अशा मुलीची किंवा बाईची ही तपासणी सहसा करत नाहीत. तिच्यासाठी भरल्या लघवीने पोटावरून करणं हा पहिला मार्ग. हे दोन शब्दांत विचारून घेणं डॉक्टरांचं काम आहे, आणि ते विचारणं नातेवाइकांसमोर होता कामा नये.

पुरुष डॉक्टर असतील तर तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी स्त्री हजर असावी, हा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्क सनदेत आहे. मावशी होत्या, ते बरं झालं. तुम्हाला तुमची बहीण किंवा मैत्रीण सोबत हवी असेल तर तसं सांगा.

गरोदर वाचकांसाठी मध्येच एक गोष्ट सांगते. सोनोग्राफीआधी तुमच्याकडून जो एफ फॉर्म भरून घेतात, तो गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा आहे. त्यावरची सही म्हणजे आतून तपासणीला दिलेली संमती नव्हे.

आता पुढच्या तपासणीला काय करायचं. आदल्या दिवशी केंद्रात फोन करा आणि शांतपणे विचारा, “आतला प्रोब प्रत्येक पेशंटनंतर कशात ठेवता आणि किती मिनिटं?” जिथे काम नीट होतं तिथे या प्रश्नाचा राग येत नाही. रसायनाचं नाव आणि वेळ लगेच सांगतात, बऱ्याचदा नोंदवहीही असते. “नवा कंडोम घालतो” एवढंच उत्तर आलं तर तुमच्या वंध्यत्वतज्ज्ञांना सांगा, “डॉक्टर, तिथे प्रोब निर्जंतुक करत नाहीत, मला दुसरं केंद्र सुचवा.” तुम्हाला पाठवणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं केंद्रवाले ऐकतात, कारण त्यांचे पेशंट तिथूनच येतात. जवळ दुसरं केंद्र नसेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि लेबलवरच्या वेळेइतका द्रावणात ठेवून मग धुतलेला प्रोब वापरायला सांगा. हा कायमचा उपाय नव्हे, पण निदान पहिल्या तपासणीपुरता आधार आहे.

खोलीत गेल्यावर, झोपण्याआधी, म्हणा, “कव्हर माझ्यासमोर उघडा.” आणि दुखण्याबद्दल आधीच बोला, “मागच्या वेळी मला दुखलं होतं, हळू करा.” लघवी पूर्ण करून जा, कमरेखाली उशी मागा, श्वास सोडत असताना प्रोब आत घेतला तर स्नायू सैल पडतात. प्रोब स्वतःच्या हाताने आत घ्यायचा असेल तर तसंही करता येतं. अनेक बायकांना ते खूप सोपं जातं, फक्त त्यांना कुणी सांगत नाही. एवढं करूनही तीव्र दुखलं तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा जुन्या संसर्गाची ती खूण असू शकते आणि तुमच्या उपचाराशी तिचा थेट संबंध आहे.

मागच्या केंद्राबद्दल तक्रार करायची का, हे तुम्ही ठरवा. मी असते तर आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांना एक छोटं पत्र दिलं असतं. तारीख, काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. आरोप नको, घडलं तेवढंच. पोच घ्या. पंधरा दिवसांत काही बदललं नाही तर तीच प्रत महापालिका हद्दीत असाल तर पालिकेच्या आरोग्य विभागाला, नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. उपचार सुरू असताना तुमच्यावर हा भार नको असेल तर पत्र मिस्टरांनी लिहावं, सही तुम्ही करावी. तुम्ही फार विचार करता असं ते म्हणाले होते ना, मग हे उत्तर त्यांना वाचायला द्या आणि आदल्या दिवशीचा तो फोनही त्यांनाच करू द्या.